गुडघाभर पाणी

त्या दिवशीचा मोठा रॅपिड, म्हणजे नदीचा उतारावरचा खवळलेला पट्टा, आम्ही झकास मारला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकिगत ऐकणारा प्रत्येक जण जे घडलं ते तिथेच घडलं असणार असं धरून चालतो.

मी राफ्टिंग गाईड आहे. राफ्टच्या, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीच्या, मागच्या टोकाला बसायचं, वल्हं पाण्यात घालून दिशा राखायची आणि ओरडायचं, हे माझं काम. त्या वेळी सहा मित्र आले होते. कॉलेजपासूनची टोळी, आता चाळिशीला टेकलेली. एक रात्र नदीकाठी तंबूत आणि सकाळी राफ्टिंग, असा बेत होता. त्यांच्यातला एक पट्टीचा पोहणारा होता. खांदे बघूनच कळत होतं, शिवाय बाकीचे पाचही जण दर दहा मिनिटांनी ते सांगत होते.

पहिली कुरबुर तंबूंवरून झाली. सगळ्यांना वाळूवर, अगदी पाण्यालगत झोपायचं होतं. मी वरच्या टप्प्यावर तंबू लावायला सांगितल्यावर तोंडं वाकडी झाली. मग त्यांना झुडपं दाखवली. आमच्या डोक्याच्या वर फांद्यांमध्ये वाळलेल्या काटक्या, गवत, चिंध्या अडकल्या होत्या. "हे तिथे कुणी ठेवलं?" असं विचारल्यावर एकाच्या लक्षात आलं आणि तो मुकाट्याने तंबूची पिशवी उचलून वर चढला. झोपण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. त्यावरूनही थट्टा झाली, ती होतेच.

सकाळी काठी पाण्यात उभी होती, कडेपासून चांगली दोन हात आत. वर कुठेतरी पाऊस झाला असणार. पाणी किंचित गढूळ होतं आणि आवाज बदलला होता, रात्रीची खळखळ जाऊन एकसारखी घरघर आली होती.

पाणी वाढलं की सगळंच अवघड होतं असं नाही. काही रॅपिड उलट सोपे होतात, कारण ज्या खडकांना चुकवत जावं लागतं ते पाण्याखाली जातात. आमचा मोठा रॅपिड त्यातलाच. एरवी तो ग्रेड ३ धरतात. पहिल्या ग्रेडला नुसती लहर असते आणि सहाव्याला शहाणा माणूस राफ्ट खांद्यावर घेऊन काठाने चालत जातो. त्या दिवशी लाटा मोठ्या होत्या, पण मधली वाट सरळ आणि मोकळी होती. मी आणि माझा जोडीदार काठावरून चालत जाऊन सगळं पाहून आलो. जोडीदार कयाकमधून, म्हणजे एकट्याच्या लहान होडीतून, पुढे राहतो, पडलेल्यांना वेचायला. मोठ्या रॅपिडकडे आम्ही दहा मिनिटं बघत होतो. त्याच्या खालच्या शेपटाकडे एक नजर टाकली असेल. तिथे डाव्या बाजूला एक सपाट कातळ आहे. एरवी तो कोरडा असतो आणि आम्ही त्यावर बसून कपडे पिळतो. त्या दिवशी त्यावरून गुडघाभर पाणी वाहत होतं.

मग सूचना. या सूचना मी इतक्या वेळा दिल्या आहेत की झोपेत उठवलं तरी देईन, आणि खोट तिथेच होती. हेल्मेटचा पट्टा, लाइफ जॅकेटची बक्कलं, वल्ह्याच्या मुठीवरून हात सोडायचा नाही. हे शेवटचं मी फार घोळवून सांगतो, कारण माझ्या पाहण्यातले बहुतेक फुटलेले ओठ आणि दात शेजाऱ्याच्या वल्ह्याच्या मुठीनेच फुटले आहेत. मग पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे, बोटं पाण्याबाहेर. आणि अगदी शेवटी, सगळे हेल्मेट घालून एकमेकांचे फोटो काढू लागल्यावर, "वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, पाय लागला तरी नाही." मी म्हणालो. त्यांनी माना डोलावल्या.

मोठा रॅपिड पंचवीस-तीस सेकंदांत संपला. पहिल्या लाटेत पुढचे दोघे दिसेनासे झाले, दुसरीत राफ्ट उभी राहिल्यासारखी झाली, तिसरीत सगळे एका सुरात किंचाळले आणि आम्ही बाहेर होतो. मी "स्टॉप" म्हटलं. सहाही वल्ही हवेत गेली, एकमेकांवर आपटली. आमचा पोहणारा राफ्टच्या कडेच्या फुगीर नळीवर बसून दोन्ही हात वर करून ओरडत होता, आणि पाय, जो मी पुढच्या नळीखाली अडकवून ठेवायला सांगितलं होतं, तो त्याने मोकळा सोडला होता. राफ्टचा डावा कोपरा त्या बुडालेल्या कातळाच्या कडेला घासला. धक्का असा काही नव्हता. तो नुसता मागे कलंडला.

मी राफ्ट उजवीकडच्या एडीत घातली. एडी म्हणजे खडकाआडचं पाणी, जिथे ओघ उलटा फिरतो आणि राफ्ट थांबवता येते. मागे वळून पाहिलं तर तो कातळावर उभा होता, गुडघाभर पाण्यात. आमच्याकडे बघून त्याने हात हलवला. मित्र हसत होते, एकाने पिशवीतून मोबाईल काढून शूटिंगही सुरू केलं होतं.

हसू आलं नाही ते फक्त मला आणि माझ्या जोडीदाराला. वेगाच्या पाण्यात माणूस इतका स्थिर उभा राहत नाही. तो डुगडुगतो, पाय बदलतो. हा खांबासारखा उभा होता. त्याचं डावं पाऊल कातळाच्या फटीत गेलं होतं आणि पाणी मागून त्याला ढकलत होतं. मी शिट्टी तीनदा फुंकली आणि थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या दोरीची पिशवी, घेऊन खाली उडी टाकली.

पाणी गुडघाभर असलं तरी वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. पाय सुटत नाही, माणूस थकतो, गुडघा पुढे मोडतो आणि धड पाण्यावर आडवं होतं. तसंच झालं. पाणी त्याच्या पाठीवरून घसरून पुढे पडत होतं आणि तोंडापुढे हवेची एक लहानशी पोकळी उरली होती. हात खाली टेकून तो मान वर ठेवत होता. जोवर हात टेकत होते, तोवर श्वास होता.

अशा वेळी मनात येतं की धावत जाऊन त्याला ओढावं. मी गेलो असतो तर त्याच कातळावर दोन माणसं अडकली असती. आणि खालून ओढून उपयोगही नसतो. पाऊल वरच्या बाजूने आत शिरलेलं असतं, ते वरच्याच बाजूने बाहेर येतं.

जोडीदाराने दोरीचं एक टोक घेऊन कयाक पलीकडच्या काठाला नेली. दुसरं टोक माझ्याकडे. "दादा, आम्ही काय करू?" चष्मेवाल्याने विचारलं. त्याच्या चष्म्याचा दोर तुटून चष्मा नाकावर तिरका लोंबत होता. "दोरी धर. मनगटाला गुंडाळू नको. सांगेन तेव्हा सोडायची तयारी ठेव." चौघे माझ्या मागे ओळीने उभे राहिले. दोन्ही काठांवरून दोरी ताणून आम्ही ती खालच्या बाजूने वर सरकवत नेली. पहिल्यांदा ती त्याच्या हाताखालून निसटली. दुसऱ्यांदा छातीला लागली. त्याने दोन्ही हातांनी ती अशी कवटाळली की आमच्या हातांना हिसका बसला. धड वर आलं. खोकला ऐकू आला. तो खोकला ऐकून मागे कोणीतरी रडायला लागलं.

मग दोन्ही काठ मिळून ओघाच्या उलट, एकेक पाऊल वर. चौथ्या की पाचव्या पावलाला तो एकदम हलका झाला आणि दोरीला धरूनच आमच्या काठाकडे वाहत आला. डाव्या पायात बूट नव्हता.

घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं. परतीच्या गाडीत कुणी बोलत नव्हतं. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "दादा, मला वाटलं पाणी एवढंसंच आहे." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ती चित्रफीत त्यांनी मला नंतर दाखवली. ३ मिनिटं ४० सेकंदांची आहे. पहिली वीस सेकंदं हसण्याची. मग मोबाईल वाळूत पडतो आणि पुढे नुसतं आकाश दिसतं, त्याच्या कडेला एक फांदी, आणि आवाज. माझा आवाज मला ओळखू आला नाही. मला तर तो सगळा प्रकार अर्धा तास चालल्यासारखा वाटला होता.

आता माझ्या सूचना उभं न राहण्यापासून सुरू होतात. हेल्मेटच्याही आधी, सगळे अजून माझ्याकडे बघत असतात तेव्हा. जोडीदार म्हणतो, लोक घाबरतात. घाबरू देत.

पाणी उतरल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, मी त्या कातळावर गेलो. दगड उन्हाने तापला होता. फट शोधायला वेळ लागला, कारण मी मोठी फट शोधत होतो. होती ती माझ्या तळहाताएवढी रुंद, खाली निमुळती होत गेलेली. बूट आतच होता, वाळूने भरलेला. मी दोन्ही हातांनी, पाय रोवून, सगळ्या ताकदीने ओढला. हलला नाही. शेवटी चाकूने नाडी कापली, जीभ कापली, वाळू बोटांनी उकरून काढली, तेव्हा कुठे तो वरच्या बाजूने सरकत बाहेर आला.