दात दुखत नसले तरी एकदा दाखवून या

आपल्या कोल्हापुरात दात ठणकायला लागल्याशिवाय कोण डेंटिस्टची पायरी चढत नाही, आणि मग थेट रूट कॅनलच. परवा आईला राजारामपुरीत चेकअपला नेलं, ती जाम घाबरलेली, म्हणून लिहितोय. आधी शुगर, बीपी, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का विचारतात, ते लपवू नका. मग छोटा आरसा घालून एकेक दात बघतात, आणि एक बारीक सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा, तिनं हिरडी दातापासनं किती सुटलीय ते मोजतात, १ ते ३ असलं तर ठीक, ४ किंवा त्याच्या पुढं असलं तर लक्ष द्यायला लागतं. जरा टोचतं, बास. दोन दातांच्या फटीतली कीड वरनं दिसत नाही म्हणून कधी एक्स-रे. जीभ आणि गाल आतनं तपासतात ते तर फार महत्त्वाचं, मिश्री लावणाऱ्यांनी, मावा खाणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी जावाच, पांढरा चट्टा किंवा तोंड कमी उघडणं, म्हणजे कॅन्सरच्या आधीची असू शकणारी लक्षणं, तिथंच लवकर सापडतात. आणि स्केलिंगनं, म्हणजे दातावरचं घट्ट कीटण खरवडून काढल्यानं, दात ढिले होत नाहीत हो, उलट ते कीटणच हिरडी सोडवत असतं. नंतर दोन-चार दिवस गार पाणी झोंबतं, तेवढंच.