चीक

परवा दुपारी गावाहून आलेल्या कुरडयांचा डबा उघडला आणि कुरडयांपेक्षा चिकाचीच आठवण अधिक आली. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, पिळून, रात्रभर निवळत ठेवले की सकाळी आजी वरचे आंबूस पाणी ओतून टाकत असे. तळाशी बसलेल्या पांढऱ्या थरात बोट हळूच घातले तर ते मुकाट्याने आत जाई, आणि जोराने खुपसले तर भिंतीवर आपटल्यासारखे मागे येई. या उद्योगापायी मी पुष्कळ धपाटे खाल्ले आहेत.

अशा धड घट्ट ना धड पातळ पदार्थांपायी फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी पॅरिसमध्ये आपली उमेदीची वर्षे घालवली, हे फार पुढे वाचनात आले. विजेला जराही अडथळा न करणाऱ्या अतिवाहकांवर उत्तम काम चाललेले असताना हे गृहस्थ १९६८च्या सुमारास द्रवस्फटिकांकडे, म्हणजे द्रवासारखे वाहूनही स्फटिकासारखी शिस्त पाळणाऱ्या पदार्थांकडे वळले, तिथून लांबलचक साखळीसारख्या रेणूंच्या पॉलिमरकडे, आणि मग थेंब काचेवर पसरतो कसा, गोंद चिकटतो कशामुळे, असल्या प्रश्नांकडे. गुंत्यात सापडलेला लांबलचक रेणू आडवा हलू शकत नाही, तो सापासारखा आपल्याच बोळातून सरपटत बाहेर पडतो, हे त्यांनी १९७१ मध्ये मांडले. ते वाचताना मला सोऱ्याखेरीज दुसरे काही दिसेना.

१९९१ च्या नोबेल व्याख्यानात त्यांनी रबराच्या बुटांची गोष्ट सांगितली. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी झाडाचा चीक पायांना फासत. हवेतला ऑक्सिजन त्यातले रेणू एकमेकांना जोडून बूट घडवी आणि दिवसभरात तोच ऑक्सिजन ते रेणू तोडून बुटाचे तुकडे करी. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये ऑक्सिजनऐवजी गंधक वापरले. त्यात कार्बनच्या २०० अणूंमागे जेमतेम एकाशी गंधक जुळते, पण तेवढ्याने चिकाचे टिकाऊ रबर होते.

व्याख्यानाचे शीर्षक होते ‘मृदू द्रव्य’, आणि असल्या पदार्थांच्या शास्त्राचे नावही तेच. मराठीत हे शब्द ऐकून मला आजारी माणसाचा आहार आठवतो. झाडातून पाझरतो तो चीक, गव्हातून पिळून काढतात तो चीक आणि खरवसासाठी शेजारची गाय व्यायल्याची वाट पाहायची तोही चीकच. मग या शास्त्राला वेगळे नाव हवे कशाला?

कढईत टाकलेली कुरडई मात्र क्षणात एवढी फुलते कशी, ते वाचायचे राहूनच गेले आहे.