तळ्याची दुरुस्ती आणि सेफ हार्बर करार: माझा अनुभव

कॅलिफोर्नियात लिव्हरमोरजवळ आमची थोडी चराऊ जमीन आहे. गुरं आमची नाहीत, एक रँचर भाड्यानं चारतो. तळ्याचा सांडवा वाहून गेला आणि दुरुस्ती काढली, तेव्हा त्यानं बजावलं, "कुणाला बोलावू नका. आत सॅलॅमँडर निघाला तर जमीन असून नसल्यासारखी."

त्याची भीती अगदीच पोकळ नव्हती. टायगर सॅलॅमँडर (सरड्यासारखा दिसणारा, बेडकासारखा पाण्यात अंडी घालणारा प्राणी) इथे २००४ पासून संरक्षित आहे, लाल पायांचा बेडूक १९९६ पासून. दोघांनाही गुरांची तळी मानवतात, कारण नैसर्गिक डबकी फारशी उरलीच नाहीत.

सेफ हार्बर करार, म्हणजे जमीनमालकाचा सरकारी वन्यजीव खात्याशी होणारा करार, याच भीतीवर काढलेला तोडगा आहे. आधी जीवशास्त्रज्ञ येऊन अधिवासाची आजची स्थिती नोंदवतात, ती बेसलाइन. आपण सुधारणा करायची. त्यामुळे प्राणी वाढले तरी नवे निर्बंध येत नाहीत, आणि मुदत संपल्यावर बेसलाइनपर्यंत मागे येण्याची मुभा असते. (२०२४च्या नियमानं नव्या करारांचं नाव बदललंय.) सही करण्याआधी मी बेसलाइनचं पान नकाशासकट ताडून पाहिलं. तुम्हीही पाहा, पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

कागदपत्रं रेंगाळली, फोन करत राहावं लागलं. तळं आटल्यावर, पावसाआधी, मातीकाम उरकलं. गाळ, बांध, सांडवा हे सगळं माणदेशात वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही!

जमिनीत बिळं करणाऱ्या इथल्या खारींवरून मात्र रँचर अडून बसला. त्यांच्या बिळांत घोड्याचा पाय मोडतो, म्हणून त्याला विष घालायचं होतं. पण सॅलॅमँडर वर्षातला बहुतेक काळ त्याच बिळांत काढतो आणि हिवाळ्यात पावसाच्या रात्री तळ्याकडे निघतो. चराई चालू राहणार, उलट ती हवीच, गवत माजलं की खारी हटतात, हे ऐकून तो जरा निवळला.

मग पाण्याचा वाद. बुलफ्रॉग (बाहेरून आलेला मोठा बेडूक) आणि मासे सॅलॅमँडरची अंडी-पिल्लं फस्त करतात, दोघांनाही बारमाही पाणी लागतं, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी तळं आटलेलं बरं. पण मग गुरांनी काय प्यायचं? शेवटी टाकी, पाइप आणि वरच्या अंगाला हौद असं ठरलं. काही खर्च सरकारी योजनेतून मिळाला, उरलेला आम्ही त्याच्या भाड्यातून वळता करून घेतला. हौदाची जागा त्यानंच निवडली.