फियाटचे अस्सल स्टिकर: सोलापूरच्या हवेत जपणूक आणि किंमत

सोलापुरातल्या एका बंद झालेल्या स्पेअर पार्टच्या दुकानाचा माल निघाला, त्यातून फियाट ११०० आणि पद्मिनीच्या न वापरलेल्या स्टिकरांचा गठ्ठा माझ्याकडे आला. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली वालचंद हिराचंदांनी सुरू केली आणि त्यांचा जन्म सोलापूरचा. त्यामुळे गठ्ठ्यातला एकेक कपटाही नीट लावावा असं मनापासून वाटलं.

पहिलं काम म्हणजे जात ओळखणं. स्टिकर उलटा करून कडेने नखाने हलकेच चाचपायचा. मागचा कागद सुटा होत असेल तर तो विनाइल किंवा कागदी चिकटपट्टीचा. कागद एकसंध असेल आणि पुढे चित्राभोवती वार्निशची झाक दिसत असेल, तर तो पाण्यात भिजवून सरकवायचा ट्रान्सफर. तिसरी जात पातळ अ‍ॅल्युमिनियमची. तिला एकदा घडी पडली की ती कायमची, म्हणून या पट्ट्या आधी बाजूला काढून कडक पुठ्ठ्यावर ठेवल्या.

तिन्ही जातींचे शत्रू वेगळे आहेत. ट्रान्सफरखाली पाण्यात विरघळणारा डिंक असतो. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि वरचा ताव खालच्याला चिकटतो. विनाइलमधला मऊपणा टिकवणारा घटक वर्षानुवर्षे निघून जातो, पापुद्रा आकसतो आणि कडेने गोंद बाहेर येतो. उष्णतेने हे सगळं लवकर घडतं.

‘थंड आणि कोरड्या जागी ठेवा’ हा नेहमीचा सल्ला. आपल्याकडे त्यातलं ‘कोरड्या’ जपून घ्यावं लागतं. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीपार जातो आणि हवा खडखडीत असते. त्या हवेत ट्रान्सफरचा कागद वळतो, वार्निशला बारीक तडे जातात आणि पुढे पाण्यात टाकल्यावर चित्राचे तुकडे होतात. म्हणून सिलिका जेलच्या पुड्या मी फक्त पावसाळ्यात ठेवतो आणि दिवाळीनंतर काढून घेतो. पेटीत छोटा आर्द्रतामापक असतो. काटा ४० ते ५५ टक्क्यांत राहिला की पुरे. पेटीची जागा तळमजल्यावरच्या आतल्या भिंतीशी, पलंगाखाली. पत्र्याखालची खोली, माळा आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट या तिन्ही जागा मेमध्ये भट्टीसारख्या तापतात.

वळलेला ताव उन्हाळ्यात दाबून सरळ करायला जाऊ नये, वार्निश फुटतं. जुलै-ऑगस्टच्या हवेत दोन दिवस मोकळा ठेवला की कागद आपणहून सैल पडतो. मग दोन पुठ्ठ्यांमध्ये हलकं वजन ठेवायचं.

कव्हर निवडताना बाजारातली मऊ, वास येणारी पीव्हीसीची फाइल टाळायची. तिच्यातलं रसायन शाईत उतरतं आणि स्टिकर कव्हरलाच चिकटून बसतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचं कव्हर चालतं. मात्र शाईचे पापुद्रे सुटत असतील तर पॉलिएस्टर नको, त्याची स्थिर वीज पापुद्रे ओढून घेते. असा नग आम्लविरहित कागदाच्या घडीत ठेवायचा. पॉवरलूमचा बारीक तंतू आपल्या शहरात घरोघरी उडतो. कव्हर बंद करण्याआधी तो मऊ ब्रशने झटकायचा, फुंकर मारायची नाही. गोंद बाहेर आलेल्या कडांवर केक भाजायचा सिलिकॉनचा कागद ठेवला की काम भागतं. कसर डिंकावर येते, पण डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लास्टिक आणि वार्निशला बाधते. बंद झाकणाची पेटी आणि दोन महिन्यांनी एकदा नजर हाच उपाय. लॅमिनेशन तर करूच नये, ते केलं की अस्सल नगाची किंमत संपली.

एकमेकांना चिकटलेले विनाइल स्टिकर हवाबंद पिशवीत घालून तासभर फ्रिजमध्ये ठेवले, तर गोंद ताठरतो आणि पातळ प्लास्टिक कार्ड सरकवता येतं. फ्रिजमधून काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत दव धरतं. चिकटलेल्या ट्रान्सफरवर मात्र मी हात चालवत नाही. जोडी तशीच ठेवतो आणि एकाच नगाची किंमत धरतो.

आता किंमत. आधी अस्सल-नक्कल पारखायची. दहापट भिंगाखाली स्क्रीन प्रिंटचा रंग सलग दिसतो, कड धारदार असते आणि बोटाला शाईची जाडी लागते. इंकजेटच्या नकलेत विखुरलेले ठिपके दिसतात. ऑफसेट छपाईतही ठिपके असतात, पण ते ठरावीक जाळीत बसलेले, आणि जुनी अस्सल लेबलं ऑफसेटवरही छापलेली असतात. म्हणजे नुसते ठिपके दिसले म्हणून नग बाद करायचा नाही. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर चमकला तरी तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण कागद पांढरा करणारी ती रसायनं १९५० च्या दशकापासूनच वापरात आहेत.

त्यानंतर प्रत्येक नग मिलिमीटरच्या पट्टीसह ६०० डीपीआयला स्कॅन केला. सोनेरी-चंदेरी शाई स्कॅनरवर काळपट येते, तिचा तिरप्या उजेडात फोटो काढला. नोंदीत पार्ट नंबर, छापखान्याची खूण, तडे आणि पिवळेपणा. मूळ पाकीट असेल तर ते नगासोबतच ठेवायचं, त्याने भाव चढतो.

भाव ठरवताना लोकांनी मागितलेल्या किमती बघत नाही, प्रत्यक्षात झालेले व्यवहार बघतो. पूर्ण संच सुट्या नगांच्या बेरजेपेक्षा जास्त मोलाचा, म्हणून तो फोडत नाही. गाडीवरून सोलून काढलेल्या स्टिकरला जवळपास भाव नसतो. तो गाडीवरच शोभतो आणि तिथेच गाडीचं मोल वाढवतो. पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली. १९७४ पासूनच्या पद्मिनी आता त्या वयात येत आहेत, तेव्हा बॉनेटखालच्या लेबलांना मागणी वाढेल असं मला वाटतं.

विकलेला नग पाठवताना दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून पाठवायचा. गुंडाळावाच लागला तर विनाइलची छापील बाजू बाहेर ठेवायची, आत घेतली तर पापुद्रा कागदापासून सुटून फुगे धरतो. ट्रान्सफर मात्र कधीच गुंडाळायचा नाही. आणि कुरिअर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करायचं, कारण मेमध्ये बंद टेम्पोत पडून राहिलेल्या पाकिटात गोंद पातळ होतो.