चिंबोरीच्या डेंग्यातले पट्टे: स्नायूतंतूंच्या कामाची पुढची नोंद

कोंबडीच्या छातीचा स्नायू तूर्त बाजूला ठेवलाय. त्याचा सार्कोमिअर (तंतूत ओळीने येणारा, आखडणारा एकेक खण) जेमतेम २ मायक्रॉनचा आणि माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या ४० पटींच्या भिंगाची (एनए, म्हणजे प्रकाश गोळा करायची क्षमता, ०.६५) पोच अर्ध्या मायक्रॉनची. पट्टे दिसतात, पण कड नेमकी कुठे ते सांगता येत नाही. चिंबोरीचा (खेकड्याचा) डेंगा, म्हणजे नांगी, मिटणाऱ्या स्नायूत काही तंतूंचे सार्कोमिअर १० मायक्रॉनच्याही पुढे जातात. मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे लांब, त्यामुळे ॲक्टिन या प्रथिनाच्या बारीक धाग्यांवर एका वेळी जास्त पकडी. जोर तिथूनच येतो. वेग मात्र बेताचा.

कृती साधीच. ताज्या डेंग्यातून तंतूंच्या बारीक जुड्या काढल्या. एक काडीला ताणून बांधली, दुसरी सैल सोडली, आणि दोन्ही निम्मं पाणी, निम्मं ग्लिसरॉल करून फ्रीजमध्ये ठेवल्या. बांधायचं ते ताजं असतानाच. एटीपी (पेशीचं इंधन) संपलं की मायोसिनची डोकी ॲक्टिनला घट्ट धरून बसतात आणि मग ताणायला गेलात तर तंतू तुटतो. पाहताना तंतूच्या वर आणि खाली, एकमेकांना काटकोनात, पोलरॉइड (प्रकाश एकाच दिशेने कंपू देणाऱ्या चकत्या) लावली आणि तंतू ४५ अंशात फिरवला. ए पट्टे (जाड धाग्यांचे) झळाळतात, आय पट्टे (फक्त बारीक धाग्यांचे) काळे पडतात. फार देखणं दिसतं, पहिल्यांदा पाहणाऱ्यांनी जेवणं खोळंबली तरी चालेल असं.

मोजमापात हवं ते मिळालं: ताणलेल्या जुडीत आय पट्टा रुंद झालाय, ए पट्टा दोन्हींत सारखाच. १९५४ साली अँड्र्यू हक्सली–नीडरगेर्के आणि ह्यू हक्सली–जीन हॅन्सन यांनी ‘नेचर’च्या एकाच अंकात हेच मांडलं होतं. (दोन्ही हक्सली एकमेकांचे नातलग नव्हेत.) धागे आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात.

मला जास्त ओढ आहे ती न दिसणाऱ्या प्रथिनांची. एवढं ताणूनही जाड धागे मधोमध राहतात कसे? आपल्या स्नायूत हे काम टायटिन नावाचं प्रथिन करतं. सुमारे ३४,००० अमिनो आम्लांचा एकच रेणू झेड रेषेपासून (सार्कोमिअरची कड) एम रेषेपर्यंत (त्याचा मध्य) पोचतो. आय पट्ट्यातला त्याचा भाग स्प्रिंगसारखा ताणतो, ए पट्ट्यातला मायोसिनला चिकटून असतो. झेड रेषेत ॲक्टिनची टोकं आल्फा-ॲक्टिनिन बांधतं, एम रेषेत मायोसिनचे धागे मायोमेसिन. संधिपाद प्राण्यांत (खेकडे, कीटक वगैरे) मात्र टायटिनचं काम त्याचे लहान भाऊबंद वाटून घेतात, म्हणून पाठ्यपुस्तकातली माणसाची आकृती चिंबोरीवर जशीच्या तशी बसवू नका.

पुढची पायरी मीठ. तीव्र पोटॅशियम क्लोराइडमध्ये मायोसिन विरघळून निघतं. (मीठ घालून मळलेला खिमा चिकट होतो तो याच मायोसिनमुळे.) हॅन्सन आणि हक्सली यांनी १९५३मध्ये मायोसिन असंच काढून घेतलं, तेव्हा ए पट्ट्यांची घनता गेली, झेड रेषा आणि ॲक्टिन जागेवर राहिले. पोलरॉइडखाली तर झळाळीच विझायला हवी. द्रावण कव्हरस्लिपच्या एका कडेने सोडून दुसरीकडून टिपकागदाने ओढायचं, म्हणजे एकच तंतू आधी आणि नंतर पाहता येईल. पायरोफॉस्फेट (एक फॉस्फेट क्षार) मिसळलं की मायोसिनची पकड सुटायला मदत होते. कोणी केलं असेल तर किती मिसळलंत ते कळवा.