मंगा मराठीत, तिसरा आठवडा: दादाचा ‘भाऊ’ झाला त्याची गोष्ट

जपानी चित्रकथा, म्हणजे मंगा, मराठीत आणतोय. या आठवड्यात पानं चारच झाली, पण कुठलं टूल कशाला वापरायचं ते एकदाचं ठरलं.

आधी एकाच अ‍ॅपवर भिस्त होती. फोटो द्या, भाषांतर घ्या. दुकानाची पाटी, नूडल्सच्या पाकिटावरची कृती, एवढ्याला ते झकास. मंगाच्या फुग्यात, म्हणजे पात्रांचे संवाद असतात त्या गोलात, मात्र गाडी अडते. मजकूर उभा, ओळी उजवीकडून डावीकडे, आणि कांजीला (चिनी मुळाच्या चित्राक्षराला) चिकटून उच्चार सांगणारी मुंगीएवढी फुरिगाना. अ‍ॅप फुरिगानालाच स्वतंत्र ओळ समजून वाक्यात घुसडायचं. त्यात दीर्घ स्वराची आडवी रेघ उभ्या मजकुरात उभी होते, म्हणजे थेट एकचा आकडा. ‘रामेन’ या नूडल्सच्या पदार्थाचं ‘रा१मेन’ झालं आणि भाषांतरातून वाडगाच गायब.

म्हणून आता वाचणारा वेगळा, भाषांतर करणारा वेगळा. वाचायला मंगा-ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं, अख्खा फुगा एका दमात वाचतं आणि फुरिगानाला फसत नाही. खोड एकच: कोरा चौकोन दिला तरी काहीतरी ‘वाचून’ दाखवतं. त्यामुळे चौकटी मी हातानेच आखतो.

भाषांतराला चॅटवालं मोठं एआय मॉडेल, पण एकेक फुगा सुटा द्यायचा नाही. पानावरचे सगळे संवाद क्रमाने, आणि कोण कोणाशी बोलतंय ते आधी सांगायचं. जपानीत कर्ता सर्रास गाळतात. ‘इत्ता’ एवढंच वाक्य. गेलो, गेले, गेला की गेली? मराठीला ठरवावंच लागतं. आणि मध्ये इंग्रजी नको, सरळ मराठी मागायचं. जपानीत मोठा भाऊ, धाकटा भाऊ यांना आपल्यासारखेच वेगवेगळे शब्द आहेत. इंग्रजीतून येताना ते सपाट होतात. ‘ओनीचान’चं, म्हणजे ‘दादा’चं, ‘भाऊ’ झालेलं पान पुतणीला दाखवलं, तर म्हणते, “काका, ही स्वतःच्या दादाला भाऊ काय म्हणते? तो रिक्षावाला आहे का?”

अक्षरं बसवताना मात्र माझीच चूक. चित्रावर अक्षरं उमटवणाऱ्या पायथनच्या पिलो लायब्ररीने ‘किती’तली पहिली वेलांटी ‘क’च्या पुढे टाकली. अर्धा तास मॉडेलला शिव्या घातल्या, मग कळलं की अक्षरांची जुळणी करणारी राकम ही लायब्ररी घातलेलीच नव्हती. ती घातली, जोडाक्षरंही सुधारली. फॉन्ट मुंबईच्या एक टाइपचा ‘बलू’. गुबगुबीत आहे, फुग्यात शोभतो. उभ्या मजकुरासाठी काढलेले फुगे चिंचोळे असतात, तिथे ‘विचारल्याशिवाय’ कसं मावायचं हे अजून सुटलेलं नाही.

अडकलोय ते फुग्याबाहेरच्या आवाजांपाशी. जपानीत शांततेलाही आवाज आहे, ‘शीन’. चित्रपटातल्या सीनलाही काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, हेच लिहितात. मॉडेलने रिकाम्या वर्गाच्या चित्रावर भल्यामोठ्या अक्षरात ‘दृश्य’ असं लिहून दिलं. मी ते खोडून ‘चिडीचूप’ केलंय. ‘सामसूम’ही लिहून पाहिलं, पण ते रात्रीच्या गल्लीला बरं.