डोंगरधारेवरची मोजणी

नोव्हेंबर, रविवार.

वहीतली आजची पहिली ओळ: आठ ते नऊ, वारा ईशान्येचा, मंद, खाली धुकं, शिकारी पक्षी शून्य.

शून्य मी मुद्दाम ठळक लिहितो. रकाना रिकामा सोडला तर पुढे वाचणाऱ्याला कळणार कसं, की पक्षी आले नव्हते की मोजणाराच आला नव्हता?

गाविलगडच्या रांगेची ही दक्षिणेकडची कड. पाठीशी मेळघाटाचं जंगल, पुढ्यात एकदम तुटलेला उतार आणि त्याखाली पूर्णेचं खोरं, नजर पोचेल तिथवर काळी जमीन. कपाशी फुटलीय, तूर फुलावर आहे. सातपुडा ओलांडून आलेला पक्षी इथून मैदानात शिरतो. सकाळचं ऊन याच उतारावर पडतं. खडक तापले, गरम हवा वर चढू लागली की मोठ्या पंखांचे पक्षी निघतात. पंख न हलवता गोल गोल उंच जायचं आणि वरून दक्षिणेकडे घसरत सुटायचं. त्यामुळे साडेनऊपर्यंत आभाळ रिकामं असलं तरी जीव खाली-वर होत नाही.

मोजायचे ते फक्त ओलांडून जाणारे. समोर एक मोहाचं झाड आहे आणि लांब मोबाइलचा टॉवर. त्या दोघांमध्ये मनात एक रेघ धरलीय. ती ओलांडून दक्षिणेला गेला तो वहीत. घारी, कापशी, शिक्रा इथलेच, ते येत-जात राहतात. सर्पगरुड तर ओरडत ओरडत दिवसभर त्याच दरीवर फिरतो. त्याला दरवेळी मोजलं तर एकाचे दहा व्हायचे.

दहाच्या पुढे भोवत्ये (हॅरियर) आले. हे कझाकस्तानकडच्या गवताळ माळांवरून हिवाळ्यासाठी आपल्याकडे येतात. पंख किंचित वर उचललेले, अगदी हलकी चाल. पहिला नर माझ्या डोळ्यांच्या पातळीवरून गेला, इतका जवळून की दुर्बीण खाली ठेवली. राखाडी-पांढरं अंग आणि पंखांच्या टोकाला काळी अरुंद पाचर. पांढुरका भोवत्या. मोंटॅग्यूच्या भोवत्याच्या नराला पंखावर आडवी काळी रेघ असते, ती याला नव्हती. नर असा ओळखू येतो. माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं मात्र दोन्ही जातींत तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, आणि लांबून फरक सांगणं फार कठीण. त्याच्या मागून आलेल्या दोन माद्या मी ‘भोवत्या, जात नक्की नाही’ या रकान्यात टाकल्या. हा रकाना ज्या वहीत नाही त्या वहीवर माझा विश्वास बसत नाही.

साडेअकराला अमूर ससाणे. आधी तीन, मग मागून सुटी सुटी माणसं बाजाराला निघावीत तसे येतच राहिले. नराचं अंग पाटीसारखं गडद, आणि वळताना पंखाखालचा पांढरा भाग लख्खकन चमकतो. एकाने हवेतच चतुर धरला आणि पाय तोंडाशी नेऊन उडता उडता खाल्ला; पंख तेवढे खाली भिरभिरत आले. दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा पक्षी सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघतो, नागालँडमध्ये थांबतो, भारत ओलांडतो आणि अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेत जातो. चतुरही त्याच सुमारास तो समुद्र ओलांडतात आणि ससाण्यांना वाटेत तेच खाद्य मिळत असावं, असं अभ्यासकांना वाटतं. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाशी २०१२ साली हेच ससाणे हजारोंनी जाळ्यात मारले जात होते. पुढच्याच वर्षी तिथल्या गावांनी शिकार थांबवली. आज माझ्या डोक्यावरून गेलेल्यांत तिथून सुटलेले असतील, या विचाराने मला आत कुठेतरी फार बरं वाटतं.

दुपारी भाकर सोडली तेवढ्यात गुरं घेऊन काका आले. खालच्या गावचे, सत्तरीचे असतील.

“गुरुजी, घारी मोजता कायले हो?”

या सगळ्या घारी नाहीत, असं मी म्हणालो. दुर्बीण दिली. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग दगडावर टेकले.

“आमच्या लहानपनी ढोर मेलं का गिधाडाईनं झाड वाकून जाये. आता एकबी नाही. कवा गेले, कोनाले समजलंच नाही.”

किती असायची, मी विचारलं.

“गंज असत.” म्हणजे पुष्कळ.

या पट्ट्यात गिधाडं किती होती याचा आकडा आमच्या गावात कुणाकडे नाही, आणि ते मला सलतं. देशाचा आकडा आहे, तो मोजणाऱ्यांमुळे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी १९९१ ते १९९३ मध्ये रस्त्यांनी फिरून शिकारी पक्षी मोजले होते. २००० साली पुन्हा मोजणी झाली तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं गेलेली दिसली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध याचं कारण असल्याचं २००४ साली पुढे आलं, २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पहिली मोजणी करताना असं काही होईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या हॉक माउंटनवरही तसंच घडलं. तिथल्या कड्यावरून शिकारी लोक ससाणे-बाज बंदुकीने पाडायचे. १९३४ साली रोझली एज या बाईंनी ती जागा भाड्याने घेऊन शिकार बंद पाडली आणि मोजणी सुरू केली. पुढे डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात त्याच नोंदींतून दिसलं की टकल्या गरुडांत (बाल्ड ईगल) पहिल्या वर्षाची पिल्लं कमी होत चाललीयत. गरुड येत होते, पण त्यांची वीण होत नव्हती. ही गोष्ट कळली ती वय टिपून ठेवल्यामुळे. म्हणून मीही जिथे दिसेल तिथे नर, मादी, पिल्लू लिहितो.

काकांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली. सांजच्याला ही ‘फिकी घार’ गावाच्या ई-क्लासमध्ये, म्हणजे गुरचराईच्या सरकारी जमिनीत, उंच गवतात जमिनीवरच उतरते. “धा-बारा असतात कवाकवा. बैल गेला का भर्रकन उठतात.” भोवत्ये रात्री एकत्र, जमिनीवर झोपतात हे मला माहीत होतं, आपल्याच शिवारात झोपतात हे नव्हतं. त्या जमिनीला सगळे पडीक म्हणतात. तिच्या एका कडेला प्लॉटचे दगड रोवलेत. नाकतोडे आणि उंदीर खाऊन हे पक्षी मार्चपर्यंत राहतात, आणि गवत गेलं तर धारेवरून कितीही भोवत्ये ओलांडोत, उतरणार कुठे? वरची मोजणी अपुरी आहे. खालीही मोजायला हवं.

तीननंतर हवा थंडावली. शेवटच्या तासात एक खरूची (छोटा ससाणा), तीही इथेच घोटाळणारी, म्हणून नोंद नाही.

पुढच्या रविवारी आठवीतल्या दोघी येणार आहेत, घरच्यांशी बोललो. एकीकडे दुर्बीण, दुसरीकडे वही, दर तासाला अदलाबदल. चारला खाली उतरायचं आणि काकांनी दाखवलेल्या जागेपासून लांब, बांधावर बसून उतरणारे भोवत्ये मोजायचे. वहीत त्यासाठी नवं पान आखलंय: वेळ, दिशा, नर, मादी-पिल्लू, नक्की नाही.